कोऱ्या वहीला काम कसे द्यावे

कार्यालयाने वर्षअखेरीस वाटलेली, कोणी भेट म्हणून दिलेली किंवा जूनमध्ये मुलांच्या वह्यांबरोबर जास्तीची घेतलेली अशी एखादी कोरी वही बहुतेक घरांत पडून असते. ‘काहीही लिहायला होईल’ म्हणून ती एखाद्या दिवशी बाहेर काढली जाते, पहिल्या चार पानांवर दिनक्रम लिहिला जातो, पाचव्यावर दुधाचा हिशोब येतो, सहाव्यावर कोणाचा तरी फोन नंबर, आणि तिथून पुढे ती चिठ्ठ्या फाडण्याच्या कामी येते. नव्याने वही हाती घेणाऱ्याने म्हणून एकच पथ्य आधी पाळावे: एका वहीला एकच काम द्यावे, आणि लिहायला बसण्यापूर्वी त्या कामाच्या बेताने तिची पाने आखून घ्यावीत. खरी कल्पकता सजावटीत फारशी नसते. ती कामाच्या निवडीत आणि पानांच्या आखणीत असते. रंगीत पेने, चिकटपट्ट्या आणि स्टिकर यांच्यावरचा खर्च वही निम्मी भरेपर्यंत खुशाल पुढे ढकलावा.

खाली तीन कामे सांगितली आहेत. त्यांतले पहिले सर्वांत सविस्तर दिले आहे, कारण आखणीचे तत्त्व त्यात सर्वांत स्पष्ट दिसते; एकदा ते लक्षात आले की बाकीच्या वह्या ज्याच्या त्याला आखता येतील.

वही निवडताना

दुकानात प्रथम बांधणी पाहावी. मध्ये दोऱ्याने शिवलेली वही टेबलावर सपाट उघडते आणि वर्षानुवर्षे टिकते. पाठीला नुसता गोंद लावलेली वही दोन-तीनदा पूर्ण उघडली की पाने सोडू लागते. कात्रणे, पाने किंवा तिकिटे चिकटवायची असतील तर स्पायरल वही बरी, कारण चिकटवलेल्या ऐवजाने ती फुगली तरी पाठ फाटत नाही. रेघांच्या बाबतीत सोपा नियम असा की मजकुरासाठी एकरेघी, तक्त्यांसाठी चौकटींची आणि चित्रांसाठी पूर्ण कोरी. शाळेच्या नेहमीच्या वहीचा कागद पातळ असतो, त्यामुळे शाईपेनचे अक्षर मागच्या बाजूला उमटते. शेवटच्या पानावर चार ओळी लिहून, पान उलटून पाहिले की निकाल तिथल्या तिथे लागतो. जलरंग वापरायचे असतील तर चित्रकलेचीच वही घ्यावी. जेल पेनची शाई ओल्या बोटाने पसरते हेही पावसाळ्यात लक्षात ठेवावे. रोजच्या नोंदींना साधे बॉलपेन पुरते.

वही विकतच घेतली पाहिजे असे नाही. शाळेचे वर्ष संपल्यावर मुलांच्या वह्यांत मागची बरीच पाने कोरी उरतात आणि ती काढून त्यांची रफ वही बांधण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. बाइंडरकडे न जाता घरीही हे काम अर्ध्या तासात होते. सारख्या मापाची, मध्ये दुमडलेली आठ ते दहा जोडपाने एकात एक बसवावीत, बाहेरून जाड कागदाचे आवरण घालावे आणि दुमडीच्या रेषेवर दाभणाने तीन भोके पाडावीत: एक मधोमध, एक वरच्या कडेपासून दोन बोटे खाली आणि एक खालच्या कडेपासून दोन बोटे वर. वहीच्या उंचीच्या अडीचपट जाड सुती दोरा सुईत ओवावा. सुई मधल्या भोकातून आतून बाहेर काढावी, वरच्या भोकातून आत घ्यावी, मग आतल्या बाजूने मधले भोक ओलांडून थेट खालच्या भोकातून बाहेर काढावी आणि शेवटी मधल्या भोकातून पुन्हा आत आणावी. आता दोऱ्याची दोन टोके आत मधोमध आलेली असतात. आतल्या लांब टाक्याच्या एकेका बाजूला एकेक टोक ठेवून त्यावर घट्ट गाठ मारली की पाने हलत नाहीत. आठ जोडपानांची अशी वही बत्तीस पृष्ठांची होते, आणि पहिल्या प्रयोगाला तेवढी पृष्ठे पुष्कळ झाली.

लिहिण्यापूर्वीची तयारी

पृष्ठांना क्रमांक घालणे हे कंटाळवाणे काम टाळू नये, कारण पुढची सगळी आखणी त्यावर उभी असते. उजव्या हाताचे पहिले पृष्ठ १, मग २ आणि ३ समोरासमोर, ४ आणि ५ समोरासमोर, अशा क्रमाने सम आकडा नेहमी डावीकडे येतो. दुकानातल्या वहीवर छापलेल्या पृष्ठसंख्येत कधी कधी मुखपृष्ठाचीही मोजणी धरलेली असते, तेव्हा पाने स्वतः मोजूनच बेत करावा.

दुसरी गोष्ट समासाची. समर्थ रामदासांच्या दासबोधात, एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात (इथे समास म्हणजे प्रकरण), लेखन कसे करावे याचा तपशील आहे. तिथे पानाच्या भोवती जागा सोडावी असे सांगितले आहे आणि त्याचे कारणही दिले आहे: कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर जाऊ नये. हाताने लिहिलेल्या पोथ्यांना हा सल्ला जितका लागू होता तितकाच तो आजच्या वहीलाही आहे, कारण कडांनाच ओल धरते आणि कसरही आधी कडाच खाते. शिवाय मोकळ्या समासात नंतर सुचलेली भर टाकता येते. डाव्या-उजव्या बाजूंना दोन-दोन बोटे जागा सोडली की दोन्ही कामे साधतात.

पहिल्या पृष्ठावर सुंदर अक्षरात काहीतरी लिहिण्याच्या धास्तीने पुष्कळ वह्या कोऱ्याच राहतात. ते पृष्ठ तूर्त मोकळे सोडावे. त्यावर वहीचे नाव, गाव आणि वर्ष एवढेच लिहायचे असते, आणि तेही वही रुळल्यावर लिहिले तरी चालते.

पावसाची वही

पाऊस सगळेच पाहतात. मोजतात फार थोडे. शंभर पृष्ठांच्या एका वहीत पाच वर्षांचा पाऊस बसवण्याची ही रीत आहे, आणि तिच्यासाठी आपल्या पंचांगातली पावसाची नक्षत्रे आयती उपयोगी पडतात.

मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि हस्त ही ती नऊ नक्षत्रे. सूर्य प्रत्येकात साधारण तेरा-चौदा दिवस असतो. मृग ७ किंवा ८ जूनच्या सुमारास लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, आणि हस्त सप्टेंबरच्या २७ तारखेच्या आसपास लागून ऑक्टोबरच्या दहा तारखेपर्यंत चालतो. तारीख दरवर्षी फार तर एखाद्या दिवसाने मागेपुढे होते, म्हणजे सगळ्या वर्षांसाठी एकच चौकट चालते. महिन्यांपेक्षा हे माप सोयीचे आहे, कारण चौदा ओळींचा तक्ता एका पृष्ठावर ऐसपैस मावतो आणि शेतीच्या बोलण्यातला पाऊस अजूनही नक्षत्रांच्याच नावाने ओळखला जातो. पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा म्हणणारी माणसे गावोगाव भेटतात.

आखणी अशी करावी. पृष्ठे १ ते ३ नाव, अनुक्रम आणि खुणा यांसाठी ठेवावीत. त्यापुढे प्रत्येक नक्षत्राला सलग दहा पृष्ठे द्यावीत: मृगाला ४ ते १३, आर्द्रेला १४ ते २३, पुनर्वसूला २४ ते ३३, आणि याच क्रमाने हस्ताला ८४ ते ९३. दहा पृष्ठे म्हणजे समोरासमोरच्या पाच जोड्या, आणि एका वर्षाला एक जोडी. पहिल्या वर्षाचा मृग ४-५ वर, दुसऱ्या वर्षाचा ६-७ वर, तिसऱ्याचा ८-९ वर. या मांडणीत पहिल्या वर्षी दोन पृष्ठे लिहून आठ सोडावी लागतात, आणि नवख्या माणसाला ते फार जिवावर येते. पण गेल्या वर्षीच्या मृगाशी यंदाचा मृग ताडून पाहायला एकच पान उलटावे लागते हा फायदा दुसऱ्या जूनमध्ये लगेच कळतो. सलग तारखांनी लिहिलेल्या रोजनिशीत हीच तुलना करायची तर दरवेळी शोधाशोध करावी लागते, आणि पुढे ती कोणी करत नाही. शेवटची सात पृष्ठे हंगामाच्या बेरजांना आणि अवकाळी पावसाला राहतात.

डाव्या पृष्ठावर चार रकाने काढावेत: तारीख, मिलिमीटर, पाऊस कोणत्या वेळी आला, आणि शेरा. मोजण्यासाठी पर्जन्यमापक घरी करता येतो. सरळ बाजूंची, पारदर्शक, एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली घेऊन ती जिथे निमुळती होऊ लागते तिथे कापावी आणि कापलेला वरचा भाग, टोपण काढून, उलटा आत बसवावा. तो नरसाळ्याचे काम करतो आणि पाणी उडून जाणेही कमी होते. बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असतो, म्हणून तळाशी खडे घालून, खडे बुडतील आणि बाटलीच्या सरळ भागापर्यंत येईल इतके पाणी ओतावे. त्या पातळीवर शून्याची खूण करावी आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. बाजू सरळ असल्या आणि तोंड तेवढ्याच व्यासाचे असले की बाटली लहान की मोठी याने मापात फरक पडत नाही. ती गच्चीवर किंवा अंगणात, भिंती आणि झाडे यांपासून दूर, विटांच्या आधाराने सरळ उभी ठेवावी. झाडाखाली किंवा पागोळीखाली ठेवलेल्या बाटलीतले माप निरर्थक असते.

हवामान खाते दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजते आणि आधीच्या चोवीस तासांचा आकडा त्या सकाळच्या तारखेला नोंदते. आपणही तीच वेळ धरावी, म्हणजे वर्तमानपत्रातल्या आकड्याशी आपला आकडा थेट ताडता येतो. मोजून झाले की पाणी पुन्हा शून्याच्या खुणेपर्यंत आणावे. खात्याच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ ठरतो, ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या पुढे अत्यंत जोरदार पाऊस मानला जातो. या पायऱ्यांना एकेक रंग ठरवून आकड्यामागची चौकट रंगीत पेन्सिलीने भरली तर सगळे नक्षत्र एका दृष्टिक्षेपात वाचता येते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी बाटली भरून वाहण्यापूर्वी मध्येच रिकामी करून बेरीज धरावी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा दिवशी घरगुती बाटली बऱ्याच वेळा ओतावी लागली असती.

उजवे पृष्ठ आकड्यांच्या पलीकडचे. पहिला बेडूक कधी ओरडला, कोणत्या भिंतीला ओल आली, टाकळा बाजारात कधी दिसला, कोथिंबिरीची जुडी कितीला मिळाली, गावाकडे पेरणी झाली की दुबार करावी लागली, हे सगळे तिथे एकेका ओळीत लिहावे. चित्र येत नसेल तर पानाचा ठसा घ्यावा: पानाच्या शिरांच्या बाजूला पातळ रंग लावून ते कागदावर दाबले की झाले. पृष्ठाच्या माथ्यावर पंचांगात दिलेले त्या नक्षत्राचे वाहन लिहावे. कोल्हा, बेडूक, म्हैस, उंदीर, हत्ती, मोर, गाढव, मेंढा, घोडा अशी ही वाहने असतात, आणि बेडूक, म्हैस किंवा हत्ती असला की पाऊस भरपूर असे मानले जाते. मानायचे की नाही हा प्रश्न वादात घालवण्यापेक्षा पाच वर्षांची पंचेचाळीस वाहने आणि पंचेचाळीस बेरजा शेजारी शेजारी लिहाव्यात. ही वही ते उत्तर घरबसल्या देते. बेरजेचा आणखी एक उपयोग असा की एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, त्यामुळे पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर वीस मिलिमीटर पडला की हजार लिटर पाणी नळीवाटे गटारात गेले असा हिशोब त्याच पृष्ठावर मांडता येतो. सोसायटीच्या सभेत तो उपयोगी पडतो.

चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांना ही आखणी थोडी सरकवावी लागेल. तिथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो, तेव्हा त्यांनी चित्रेपासून मूळापर्यंतची सहा नक्षत्रे धरावीत.

बाड

कीर्तनकार आणि हरिदास आपल्या उपयोगाची पदे, आर्या, अभंग आणि श्लोक ज्या हस्तलिखित संग्रहात उतरवून ठेवत त्याला बाड म्हणत. आवडलेला मजकूर स्वतःच्या हाताने उतरवून घेण्याची ही जुनी पद्धत आजही उत्तम चालते, आणि मोबाइलमध्ये साठवलेल्या पन्नास चित्रांपेक्षा हाताने लिहिलेल्या पाच ओळी जास्त लक्षात राहतात असे माझे ठाम मत आहे. प्रत्येक उताऱ्याखाली तो कोणाचा, कोणत्या पुस्तकातला आणि कोणत्या पृष्ठावरचा हे लिहावेच. हे न लिहिलेला उतारा दोन वर्षांनी कोणाचा तेच आठवत नाही.

बाडाची खरी अडचण शोधण्याची असते. विषयवार पाने आधी वाटून ठेवली तर एक विषय भरून वाहतो आणि दुसरा रिकामा राहतो. या अडचणीवर इंग्रज तत्त्वचिंतक जॉन लॉक यांनी काढलेला तोडगा १६८६ मध्ये फ्रेंचमध्ये आणि १७०६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. त्यात मजकूर लिहायचा तो येईल त्या क्रमाने, आणि विषयाच्या शब्दाचे पहिले अक्षर व त्यानंतरचा पहिला स्वर धरून पृष्ठाचा आकडा सूचीत टाकायचा. आपल्या लिपीत स्वर अक्षरालाच जोडलेला असल्यामुळे ही युक्ती मराठीत अधिकच सुटसुटीत होते, कारण बाराखडी हीच मुळात तशी सूची आहे.

वहीची २ आणि ३ ही समोरासमोरची पृष्ठे सूचीसाठी घ्यावीत. उभ्या समासात स्वरांची एक ओळ आणि शब्दाच्या आरंभी येणाऱ्या व्यंजनांची प्रत्येकी एक, अशा तीस ओळी होतात; ष ला श मध्ये, क्ष ला क मध्ये आणि ज्ञ ला ज मध्ये घालावे, म्हणजे प्रत्येक पृष्ठावर पंधरा ओळी येतात. आडवे सहा रकाने: अ, आ, इ-ई, उ-ऊ, ए-ऐ, ओ-औ. आता ‘पाऊस’ या विषयाचा उतारा पृष्ठ १७ वर लिहिला असेल तर प च्या ओळीत आ च्या रकान्यात १७ लिहावे. ‘मैत्री’ म च्या ओळीत ए-ऐ खाली जाईल आणि ‘शेजार’ श च्या ओळीत त्याच रकान्यात. एका चौकटीत चार-पाच आकडे जमले तरी तेवढी पाने चाळणे सोपे असते. विषयाचा शब्द मात्र उताऱ्याच्या माथ्यावर ठळक लिहावा आणि एका विषयाला नेहमी एकच शब्द वापरावा. कधी ‘पाऊस’ आणि कधी ‘वर्षा’ असे केले की सूची बिघडलीच.

घरातल्या बोलण्याची वही

बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात काम करताना त्यांनी रचलेली गाणी घरातल्यांनी ऐकून उतरवून घेतली म्हणून ती राहिली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांचा संग्रह छापून आला. प्रत्येक घरात बहिणाबाई नसतात हे खरे, परंतु ज्यांचे बोलणे त्यांच्याबरोबरच जाईल अशी आजी, मावशी, काका किंवा शेजारच्या काकू बहुतेकांना असतात, आणि एक लहान वही त्यांच्यासाठी वेगळी काढणे फार अवघड नाही.

या वहीचा मुख्य नियम असा की शब्द सुधारायचा नाही. आजी ‘व्हता’ म्हणाली तर ‘व्हता’च लिहायचे. म्हण, उखाणा, ओवी, शिवी, भांड्याचे किंवा अवजाराचे नाव, मापाचा शब्द, काहीही चालते. खाली कोण बोलले, मूळचे गाव कोणते, कशावरून विषय निघाला आणि तारीख. ‘आजी, जुन्या म्हणी सांग’ असे समोर बसून विचारल्यावर सहसा काहीच आठवत नाही. भाजी निवडताना, जुना फोटो समोर धरल्यावर किंवा एखादे अडगळीतले भांडे हातात दिल्यावर बोलणे आपोआप सुरू होते, तेव्हा वही जवळ असावी आणि ती शक्यतो खिशात मावेल इतकी लहान असावी. पुढ्यात मोबाइल ठेवून ध्वनिमुद्रण करायचे असेल तर विचारून करावे, आणि त्याच आठवड्यात ते वहीत उतरवावे, नाहीतर ते मोबाइलमध्येच राहून जाते.

घरच्या पदार्थांची कृतीही याच वहीत घेता येते, पण तिथे ‘अंदाजाने मीठ’ एवढ्यावर भागत नाही. सांगणारीच्या हाताखाली ताटली ठेवून तिने घेतलेली मूठ किंवा चिमूट आधी ताटलीत घ्यावी, ती चमच्याने मोजावी आणि मगच भांड्यात पडू द्यावी. घरातली वाटी किती मिलिलिटरची आहे हे वहीच्या आरंभी एकदा लिहून ठेवावे; वाटी फुटली की सगळ्या कृतींचे माप गेले असे होत नाही.

वही सांभाळणे

पावसाळ्यात वह्या भिंतीला टेकून ठेवू नयेत. कपाटात कडुनिंबाची चांगली वाळलेली पाने ठेवण्याची जुनी पद्धत आहे. पाने ओलसर राहिली तर उलट बुरशी येते. फुले-पाने चिकटवण्यापूर्वी वर्तमानपत्राच्या घड्यांत आठवडाभर दाबून वाळवावीत आणि मधला कागद रोज बदलावा. चिकटवायला पारदर्शक चिकटपट्टीपेक्षा घरची खळ बरी, कारण पट्टी काही वर्षांत पिवळी पडून सुटते. खळीत चिमूटभर मोरचूद घातले की कीड लागत नाही, मात्र मोरचूद विषारी असल्याने ती खळ मुलांच्या हाती देऊ नये आणि तिचे भांडे स्वयंपाकात वापरू नये.

वही भरली की पाठीवर कागदी पट्टी लावून तिचे नाव आणि वर्ष लिहावे, आणि दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, पृष्ठांचे क्रमाने फोटो काढून ठेवावेत. प्रत्येक फोटोत पृष्ठाचा क्रमांक दिसेल याची काळजी घ्यावी. तो सुरुवातीलाच घातलेला असल्यामुळे हे काम एका बैठकीत उरकते.